'काय झालं ते सांगा' म्हटलं की घसा बंद होतो

वाचकाचं पत्र थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून:

सांगली जिल्ह्यातले एक वाचक लिहितात. वय ३८, गावात कृषी सेवा केंद्र आहे, घरी बायको, दोन मुलं आणि आई. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका लग्नाहून रात्री परत येताना धुक्यात रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्यांना दिसली नाही. ना रिफ्लेक्टर, ना दिवा. गाडी तेच चालवत होते. शेजारी बसलेला शाळेपासूनचा मित्र जागीच गेला, यांच्या हातात प्लेट आणि कपाळाला सात टाके. "तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. पुतण्या गाडी चालवतो, धंदा निम्म्यावर आलाय. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्या, तो उसाचा वास, सगळं परत चालू होतं. रात्री दोन-अडीचला घामाघूम होऊन उठतो. भजनी मंडळात पखवाज वाजवायचो, तोही सोडला. बायकोच्या आग्रहानं काउन्सेलरकडे गेलो. तिन्ही वेळा 'काय झालं ते सविस्तर सांगा' म्हटलं, तिन्ही वेळा घसा बंद झाला, तिसऱ्यांदा तर बाहेर येऊन उलटी झाली. परत गेलो नाही. बायको म्हणते बोलल्याशिवाय मोकळं होणार नाही. एक मित्र दोन दिवसांच्या 'ट्रॉमा रिलीज' शिबिराला चल म्हणतोय, अठरा हजार रुपये. मेव्हणे म्हणतात इगतपुरीला विपश्यनेला जा. आई म्हणते देवऋष्याला दाखवू. ताई, मला बोलताच येत नाही, मग मी आता असाच राहणार का? कधी कधी वाटतं त्याच्या जागी मीच गेलो असतो तर बरं झालं असतं. त्याची आई अजून निरोप धाडते, येऊन जा म्हणावं. दोन वर्षांत गेलो नाही."

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता मला बोलता येत नाही, आणि पत्रात मात्र धुकं, ट्रॉली, टाके, वास, घामाघूम होणं, सगळं जागच्या जागी लिहिलंय. म्हणजे शब्द आहेत तुमच्याकडे. ते कुणी समोर खुर्चीत बसून, डोळ्यात डोळे घालून, घड्याळ लावून मागितले की अडकतात. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढं मी जे लिहिणार आहे ते सगळं त्याच्यावरच आहे.

पण त्याआधी ते एक वाक्य. 'त्याच्या जागी मीच गेलो असतो तर.' अशा अपघातातून वाचलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडी हे असतं, त्यात तुमचं डोकं फिरलंय असं काही नाही. तरी सरळ विचारते, नुसतं 'तर बरं झालं असतं' इथंच थांबतं की कधी 'आता करून टाकावं' इथपर्यंत जातं? दुसरं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच बायकोला सांगा, १४४१६ ला फोन लावा, टेली मानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे, रात्री अडीचलाही चालू असते आणि मराठीत बोलतात. आणि अजून एक, तुमचं दुकान औषधांचं आहे, फवारणीचा सगळा माल तिथं पडलेला असतो, तर सध्या काही महिने दुकानाच्या चाव्या रात्री पुतण्याकडे राहू देत, घरात जास्तीचा डबा-बाटली नको. विचार आला नसला तरी. हे मी प्रत्येक शेतकऱ्याला आणि प्रत्येक दुकानदाराला सांगते, राग मानू नका.

आता मुख्य मुद्दा. बोलल्याशिवाय मोकळं होत नाही, हे तुमच्या बायकोचं एकटीचं मत नाहीये, आपल्या सगळ्यांचंच आहे. मन म्हणजे जणू प्रेशर कुकर, शिटी काढली नाही तर फुटणार. ऐकायला पटतं पण खरं इतकं सोपं नाही. एके काळी पाश्चात्त्य देशांत पद्धतच पडली होती की अपघात, आग, दरोडा काही झालं की लगेच माणसाला बसवायचं आणि एकाच बैठकीत सगळं सविस्तर सांगायला लावायचं. मग लोकांनी तपासून बघितलं. वेल्समध्ये भाजलेल्या पेशंटवर एक अभ्यास झाला, १९९७ साली छापून आला, त्यात ज्यांना असं लगेच बोलतं केलं होतं त्यांच्यातल्या २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनी पीटीएसडी होता, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर न ओसरता टिकून राहणारा मानसिक आजार, आणि ज्यांना तसंच सोडलं होतं त्यांच्यात ९ टक्के. बोलतं केलेल्या गटाचा त्रास सुरुवातीलाच जरा जास्त होता, त्यामुळं सगळा दोष त्या बैठकीवर टाकता येत नाही, पण फायदा तर दिसला नाहीच. नंतर असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तरी फायदा सापडला नाही, त्यामुळं आता ही पद्धत सरसकट वापरू नका असंच सांगतात.

आणि घसा बंद होतो त्याला कारण आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत आठ पीटीएसडीच्या पेशंटचे मेंदूचे स्कॅन काढले, त्यांना त्यांचाच प्रसंग ऐकवत. भीतीशी संबंधित भाग पेटले आणि डावीकडचा, बोलण्याशी संबंधित भाग मंदावला. आठच माणसं, त्यामुळे फार ताणू नये, पण पुढेही याच्याशी जुळणारं काही दिसलंय, आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला स्कॅनची गरज नसते, त्याला माहीतच असतं की त्या क्षणी जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही हट्टी नाही, भित्रे नाही. तुमचं शरीर त्या खुर्चीत बसून परत त्या रात्रीच्या गाडीत जात होतं, आणि गाडी धडकत असताना कुणी सविस्तर बोलत नाही.

मला इथं किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते, चारच्या आसपास भूकंप झाला, दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मी तेव्हा कॉलेजात होते, डिसेंबरात आमचा एक गट मदतीला गेला, हातात प्रश्नांचे छापील फॉर्म. झोप लागते का, भूक लागते का, प्रसंग आठवतो का. एका पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई सुपात तूर निवडत बसली होती, पंचविशीची असेल. मी प्रश्न विचारतेय, ती हो, नाही, हो, नाही. मला कळेना फॉर्ममध्ये लिहू काय. शेवटी कंटाळून फॉर्म पिशवीत टाकला आणि दुसरं सूप ओढून मीही खडे काढायला लागले. अर्धा तास झाला असेल. सुपावरची नजर न उचलता ती म्हणाली, "पाळण्याची दोरी माझ्या हातातच व्हती." बस. पुढं काही नाही. मीही काही विचारलं नाही, ती निवडत राहिली, मी निवडत राहिले. निघताना तिनं माझ्या ओंजळीत मूठभर तूर घातली. तो फॉर्म मी भरलाच नाही.

आपल्याकडे बायकांनी शेकडो वर्षं हेच केलंय की. दुःख सांगायला कुणी समोरासमोर बसायचं नाही, पहाटे अंधारात जात्याचा खुंटा धरायचा, हात फिरतोय, अंग डुलतंय, नजर पिठावर, आणि तोंडातून ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी अशा एक लाखाच्या वर ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यात सासुरवास आहे, मेलेलं लेकरू आहे, दारुडा नवरा आहे, जे दिवसा कुणापुढं बोललं नसतं ते सगळं आहे. पुरुषांना हे जातं कधी मिळालंच नाही हा तुमच्या पत्राचा खरा प्रॉब्लेम आहे असं मला राहून राहून वाटतं. असो.

तर तुमच्यासाठी काय. दोन वर्षं झालीत. धक्का बसल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना झोप उडणं, दचकणं, स्वप्नं हे होतंच आणि अर्ध्याहून जास्त लोकांचं आपोआप ओसरत जातं. तुमचं ओसरलेलं नाही, दर हंगामाला परत वर येतं, म्हणजे 'काळ हे औषध' वाली वेळ निघून गेली, आता उपचार लागतो. फक्त तो सविस्तर सांगायचाच हवा असं नाही.

पहिलं नाव घेईन ते ईएमडीआरचं. नाव विचित्र आहे आणि सुरुवातही विचित्रच, फ्रान्सिन शपिरो नावाच्या अमेरिकन बाईंना १९८७ मध्ये बागेत चालताना जाणवलं की नजर इकडून तिकडे फिरत असताना त्रासदायक विचार बोथट होतायत, त्यावरून त्यांनी ही पद्धत बसवली. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते, म्हटलं हे पेंडुलमवालं संमोहन दिसतंय. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीच्या, बरोबरीनं हिचं नाव घेतलंय, त्यामुळे हसणं बंद केलं. होतं असं, की पहिल्या एक-दोन बैठकांत अपघाताला हातच लावत नाहीत, आधी तुम्हाला स्वतःला शांत करायच्या दोन-चार युक्त्या शिकवतात. मग तुम्ही त्या रात्रीचं एक चित्र मनात धरायचं, समजा काचेपुढं अचानक आलेलं ट्रॉलीचं मागचं तोंड. त्याबरोबर स्वतःबद्दल जे वाक्य उठतं ते, 'माझ्यामुळं गेला'. ते अंगात कुठं जाणवतंय, आणि शून्य ते दहामध्ये किती त्रास. मग थेरपिस्टची बोटं तुमच्यापुढं डावीकडे-उजवीकडे फिरतात, तुम्ही नजरेनं त्यांच्या मागं जायचं, अर्धा मिनिटभर. थांबायचं. "आता काय येतंय?" एवढाच प्रश्न. तुम्ही 'छाती' म्हणा, 'वास' म्हणा, नुसती मान हलवा, चालतं. परत बोटं. सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची गरज नाही, आणि तुमच्यासारख्यांसाठी हेच मोलाचं आहे. एकाच प्रसंगाचा धक्का असेल तर साधारण आठ ते बारा बैठका धरा.

डोळे फिरवल्यानंच फरक पडतो की आठवण मनात धरून दुसरंही काहीतरी करत राहिल्यानं, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. एक समजूत अशी की डोक्याची एका वेळी पेलायची ताकद मर्यादित असते, तिचे दोन वाटे झाले की चित्र फिकं पडतं आणि फिकं झालेलंच परत आत जाऊन बसतं. भांडू देत त्यांना.

माणूस कसा शोधायचा हे जास्त महत्त्वाचं. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावा, सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा, ईएमडीआरचं ट्रेनिंग किती झालंय ते विचारा, आणि विचारा की पहिल्याच दिवशी अपघातावर काम सुरू करणार का. हो म्हणाले तर दुसरा बघा. पुण्या-मुंबईतले बरेच जण ऑनलाइनही करतात. परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो, तिथं ईएमडीआर मिळेलच असं नाही पण तपासणी आणि गोळ्या होतील, आणि पुढं कुठं पाठवायचं तेही तेच सांगतील. गोळ्यांना नाक मुरडू नका. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन या गटातली औषधं पीटीएसडीवर चालतात, न बोलता होणारा सगळ्यात साधा उपचार तोच. मात्र मेडिकलवाल्याकडून ओळखीवर आणलेल्या झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम वगैरे, त्या नकोत, सवय लागते आणि या आजाराला त्यांचा उपयोग नाही. आधीच बरेच दिवस चालू असतील तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. आणि तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारते, रात्री झोप यावी म्हणून दोन पेग होतायत का? होत असतील तर डॉक्टरला पहिल्यांदा ते सांगा, हे सांगायला घसा बंद होत नाही.

पहिल्या काउन्सेलरबद्दल एक. तुमचा अनुभव वाईट होता म्हणून बोलण्याची थेरपीच वाईट असं मनात धरू नका. घाई झाली, घर आवरायच्या आधीच पाहुणे बोलावल्यासारखं झालं. उद्या थोडं बरं वाटल्यावर कदाचित तुम्हालाच बोलावंसं वाटेल, दार उघडं ठेवा.

आता आणखी एक गैरसमज, हा मात्र तुमचा. तुम्ही समजताय की न बोलता बरं व्हायचं म्हणजे त्या गोष्टीकडे न बघता बरं व्हायचं. तसं कुठलंही औषध मला माहीत नाही. तुम्ही गाडी सोडली, पखवाज सोडला, त्या रस्त्यानं जाणं सोडलं असणार, मित्राचं घर सोडलं, आणि सोडल्या सोडल्या बरं वाटतं म्हणून अजून सोडत गेलात, नि जग हळूहळू दुकान आणि घर एवढंच उरलं. भीतीचा स्वभावच तो, पळालं की ती मोठी होते. तोंडानं सांगायचं नसेल तर पायानं आणि हातानं जवळ जावं लागेल, हळूहळू.

गाडीपासून सुरुवात करा. दिवसा, अंगणात, इंजिन बंद, दार उघडं, तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर आणि बायको शेजारी. काही बोलायचं नाही. छाती धडधडेल, धडधडू दे. पावलं मॅटवर घट्ट टेका, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, चार मोजत आत आणि सात-आठ मोजत बाहेर. महत्त्वाची गोष्ट एकच, धडधड टिपेला असताना उतरायचं नाही, ती निम्म्यावर आल्यावर उतरायचं, मग त्याला दहा मिनिटं लागोत नाहीतर चाळीस. मधेच पळून आलात तर शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो. हे रोज करा, आठ दिवसांत कंटाळा यायला लागेल. कंटाळा आला की समजा पायरी झाली. मग इंजिन चालू करून बसा. मग फाटकापर्यंत. मग देवळापर्यंत आणि परत, सकाळच्या उन्हात. धुकं आणि रात्र अगदी शेवटी, आणि तो रस्ता थेरपिस्ट मिळाल्यावर त्यांच्या सल्ल्यानं, एकट्यानं शौर्य दाखवायला जाऊ नका. आणि हो, डोकं बधिर झालंय, आपण कुठं आहोत ते कळत नाहीये असं व्हायला लागलं तर तो दिवस सोडून द्या, बाहेर या, थंड पाण्यानं तोंड धुवा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्या, कणगी, बादली, तुळस.

स्वप्नांसाठी एक वेगळी युक्ती आहे आणि तीही बोलायची नाही, लिहायची आहे. सारखं पडणारं स्वप्न दिवसाउजेडी कागदावर लिहायचं, पण त्यात तुम्हाला वाटेल तो बदल करून. ट्रॉलीला दिवाळीच्या माळा लावा, गाडीचा बैल करून टाका, रस्ताच नदी करा, लॉजिक लागत नाही. मग ते बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढं आणायचं. २००१ मध्ये याच्यावर चांगला अभ्यास झाला, अत्याचारातून गेलेल्या बायकांची वाईट स्वप्नं यानं कमी झाली होती. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण करून बघायला एक पेन लागतं फक्त.

याच्या जोडीनं एक गोष्ट दुसऱ्या वाचकांसाठी, ज्यांच्या घरी असं काही ताजं घडलंय. ऑक्सफर्डच्या एका हॉस्पिटलमध्ये रस्ते अपघातातून आलेल्या ७१ जणांवर प्रयोग केला, २०१७ मध्ये आला तो, त्यांतल्या काहींना सहा तासांच्या आत अपघाताची आठवण थोडी चाळवून वीस मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडद्यावर वरून पडणाऱ्या विटा रचायचा खेळ, खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना अचानक उसळणाऱ्या आठवणी कमी आल्या. डोळ्यांचं काम डोळ्यांपुढच्या चित्राची जागा खातं, असा तर्क. तेव्हा अपघातानंतर हॉस्पिटलच्या बाकड्यावर पोरगं मोबाइलवर विटा रचत बसलं असेल तर त्याला ओरडू नका, आणि 'काय काय झालं सांग ना' म्हणून चहूबाजूंनी घेरू तर अजिबात नका.

आता तुमचे तीन सल्लागार. शिबिरवाला मित्र आधी घेते कारण तिथं माझा जीव जास्त घाबरतो. दोन दिवसांत ट्रॉमा रिलीज म्हणजे काय करतात ते विचारा. चाळीस जण एका हॉलमध्ये, मोठ्यानं गाणी, ओरडा, रडा, उशा बडवा, असं उत्तर आलं तर अठरा हजार वाचवा. रडल्यावर हलकं वाटतं हो, त्या दिवशी वाटतं, सोमवारी घरी आल्यावर रात्री अडीचला तुम्ही परत एकटेच असता आणि शिबिरवाल्यांचा फोन लागत नाही. शरीरावरून काम करणाऱ्या सगळ्याच पद्धती भंपक आहेत असं नाही, सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग आहे, पुरावा अजून तुटपुंजा पण लोकांना उपयोग होतो. डान्स मूव्हमेंट थेरपी आहे, कोलकात्याची संवेद नावाची संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर वर्षानुवर्षं नाचातून काम करते आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर (टीआयएसएस) त्यांनी त्याचा डिप्लोमाही चालवलाय. ही मंडळी दोन दिवसांत काही सोडवून देतो म्हणत नाहीत, त्यावरूनच ओळखायचं.

मेव्हण्यांची विपश्यना. चांगली गोष्ट आहे, पैसेही घेत नाहीत, पण दहा दिवस मौन आणि दिवसाचे तासन् तास डोळे मिटून स्वतःच्या अंगातल्या संवेदना बघणं हे तुम्हाला आत्ता सोसणार नाही, त्या अंगात सध्या अपघातच भरलेला आहे. फॉर्ममध्ये मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथं खरं लिहिलं तर तेही थांबायला सांगतील कदाचित. नंतर कधीतरी जा. योग मात्र आत्ताही चालेल. २०१४ मध्ये ६४ बायकांवरचा एक अभ्यास आहे, इतर उपचारांनी बरं न वाटलेल्या, दहा आठवडे त्यांना खास बेतलेला योग शिकवला आणि अर्ध्या बायकांचा त्रास पीटीएसडीच्या व्याख्येत बसेनासा झाला, दुसऱ्या गटात साधारण पाचातल्या एकीचा. खास बेतलेला म्हणजे डोळे उघडे ठेवायची मुभा, गुरुजी पाठीमागून येऊन अंगाला हात लावणार नाहीत, नको वाटलं की थांबायचं. तुम्हाला शवासनात कसंतरी व्हायला लागलं तर उठून बसा, शवासनाशिवाय योग अपुरा राहतो वगैरे ऐकू नका.

आणि आई. आईला मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढू द्या. मी अंधश्रद्धेच्या बाजूनं बोलतेय म्हणून मला मेल येतील, येऊ देत. म्हाताऱ्या आईनं रात्री लेकाला पाटावर बसवून, तोंडानं पुटपुटत, डोक्यावरून हात ओवाळावा यात वाईट काही नाही, दोन वर्षांत तुम्हाला कुणी इतक्या जवळून हात लावलाय का आठवून बघा. पण देवऋषी नको. तिथं अंगारा देता देता गोळ्या बंद करायला सांगतात, करणी कुणी केली म्हणून भावकीतलं नाव घेतात, आणि मग अपघाताचं राहतं बाजूला आणि घरात नवीन भांडण. आईला म्हणा, तू काढ दृष्ट, तुझीच लागू पडते.

पखवाज परत काढा हे मात्र मी जवळजवळ हुकूम म्हणून सांगते. दोन्ही हात आळीपाळीनं, ठेका, आजूबाजूला दहा माणसं एका लयीत, आणि अभंग म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. हे काही ईएमडीआर नाही हं, उगाच व्हॉट्सॲपवर 'पखवाज हेच प्राचीन ईएमडीआर' म्हणून फिरवू नका, तसं कुणी तपासलेलं नाही. पण तुम्हाला येणारी, तुमच्या अंगात मुरलेली गोष्ट आहे, तिथं कुणी तुम्हाला 'कसं वाटतंय आता' विचारत नाही, आणि ताल चुकला तर लगेच कळतं, म्हणजे मन त्या रात्रीत जाऊच शकत नाही. पहिल्या दिवशी नुसते टाळ घेऊन मागं बसलात तरी चालेल.

बायकोला माझा निरोप. ताई, तुमचं चुकलं नाही, पण आता 'बोला' म्हणणं थांबवा. रात्रीच्या लाइटला ते शेताला पाणी द्यायला जातील तेव्हा तुम्हीही बरोबर जा, बांधावर शेजारी बसा, दोघांचीही तोंडं पाण्याकडे. भुईमुगाच्या शेंगा फोडायला घ्या. ते काही बोलले तर हूं म्हणा, पुढचा प्रश्न विचारू नका. नाही बोलले तर पाणी पाजून झालं, एवढंच.

अजून एक सुचतंय, बघा पटतं का. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर पोलीस, आरटीओ, कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, आणि तरी निम्म्या ट्रॉल्या तशाच अंधारात उभ्या दिसतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं मेली, त्यातला एक माणूस कसा जातो ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या दुकानात रोज ट्रॅक्टरवाले येतात. लाल रेडियमची टेप आणून ठेवा, आणि आलेल्या ट्रॉलीला मागून स्वतःच्या हातानं चिकटवा, भर दुपारी. पहिल्यांदा मागच्या त्या फळीपुढं उभं राहताना पाय थरथरतील. हात टेकवा, धूळ पुसा, टेप लावा. एकानं तुम्हाला न विचारता 'किती झाले' म्हणून पैसे काढले तर घ्या, हे प्रायश्चित्त म्हणून करायचं नाही. ट्रॉली तुम्ही उभी केली नव्हती. धुक्यात बिनदिव्याची ट्रॉली कुणालाही दिसली नसती, मला नाही, तुमच्या मित्रालाही नाही, तो चालवत असता तर आज हे पत्र त्यानं लिहिलं असतं.

राहिली त्याची आई. हे कुठल्याच थेरपीत बसत नाही म्हणून शेवटी ठेवलं. तुम्ही घाबरताय की तिथं जाऊन काय बोलू. पण भेटायला गेल्यावर आपण कधी बोलतो का? सतरंजीवर जाऊन बसायचं, मान खाली, बाई पदर डोळ्याला लावते, आपण जमिनीकडे बघतो, कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवतं, आणि निघताना 'येतो' सुद्धा म्हणायचं नसतं. बोलता न येणाऱ्या माणसाची सोय आपल्या लोकांनी आधीच करून ठेवलीय. ती माउली दोन वर्षं निरोप धाडतेय, तिला तुमच्याकडून जबानी नको असणार, तिच्या लेकाला शेवटचं बघणारा माणूस तिला एकदा दारात बघायचा असेल. जानेवारीत वर्षश्राद्ध येईल, त्या दिवशीच्या गर्दीत जाऊ नका, त्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी जा. बायकोला बरोबर घ्या. गाडी काढायचा हट्ट नको, एसटीनं जा, पुढचा रस्ता दिसायला नको असेल तर मागची, आतल्या बाजूची सीट धरा.